पुंजी जमिनीत घालण्यापूर्वी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गाठीशी जमलेले पैसे बँकेत नुसते पडून राहण्यापेक्षा जमिनीत, घरात किंवा सोन्यात घालावेत, असे पुण्यातील अनेक वाचकांना वाटते आणि या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांचा रोखही तोच आहे. त्यांतील पाच पत्रे येथे निवडली आहेत. उत्तरे देताना सर्वांना एकच कसोटी लावली आहे : घेतलेली वस्तू आपल्या नावावर निर्वेध राहील का, तिच्यापर्यंत आपल्याला बिनदिक्कत जाता येईल का, आणि अडीअडचणीला ती मोडून पैसे हाती येतील का.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही नोकरी करतो आणि धायरीत स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. आजवर १८ लाख रुपये शिल्लक टाकले आहेत. खडकवासल्याच्या पुढे पानशेत रस्त्याला एका एजंटाने आम्हाला दोन गुंठ्यांचा प्लॉट दाखवला असून दर गुंठ्याला सात लाख आहे. आमच्या माहेरी-सासरी कोठेही शेती नाही. अकरा जणांनी मिळून बावीस गुंठे घ्यायचे, खरेदीखत सामाईक होईल आणि सातबाऱ्यावर सर्वांची नावे लागतील, असे एजंट सांगतो. एक लाख रुपये विसार ऑनलाइन दिला आहे. पुढे जावे का? (एक वाचिका, धायरी)

उत्तर : पुढे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा रीतीने पैसे अडकलेली अनेक घरे पुणे जिल्ह्यात आहेत, म्हणून कारणे जरा सविस्तर सांगतो.

पहिली अडचण तुमच्या पात्रतेची आहे. महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्या व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. अकरा जणांपैकी एक जण शेतकरी असला की बाकीच्यांचेही भागते, असा समज एजंट मंडळी पसरवतात. प्रत्यक्षात खरेदीदार म्हणून ज्याचे नाव लागणार त्या प्रत्येकाने शेतकरी असणे आवश्यक आहे. या तरतुदीचा भंग झाल्याचे निदर्शनास आले, तर तहसीलदार चौकशी करून व्यवहार अवैध ठरवू शकतात आणि जमीन शासनाकडे जमा होण्यापर्यंत मजल जाऊ शकते. दस्त नोंदला गेला म्हणजे व्यवहार कायदेशीर झाला, असे मानू नका. दुय्यम निबंधक दस्ताची नोंदणी करतात, विकणाऱ्याच्या मालकीची हमी देत नाहीत.

दुसरी अडचण बावीस या आकड्यातच आहे. तुकडेबंदीच्या १९४७ च्या कायद्याखाली ठरलेल्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकड्याचे हस्तांतर करता येत नाही आणि ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनुसार हे क्षेत्र जिरायतीसाठी वीस गुंठे व बागायतीसाठी दहा गुंठे आहे. दोन गुंठ्यांचा दस्त होत नाही, म्हणून अकरा अनोळखी माणसे एकत्र आणून वीस गुंठ्यांची मर्यादा कागदावर ओलांडायची, ही या व्यवहाराची मांडणी आहे. दस्त कदाचित होईलही, पण तुमचे दोन गुंठे कोणते, हे कोणत्याही सरकारी कागदावर कधीच येणार नाही. तुमच्या वाट्याला बावीस गुंठ्यांतील एक अविभाज्य हिस्सा येईल आणि पुढे वाटप मागितले, तर प्रमाणभूत क्षेत्राखालचे तुकडे पाडणारे वाटप तोच कायदा होऊ देणार नाही. उद्या मुलीच्या शिक्षणासाठी हा प्लॉट विकायचा ठरला, तर उरलेल्या दहा जणांच्या सह्या गोळा कराव्या लागतील आणि तोपर्यंत त्यांतल्या काहींच्या जागी त्यांचे वारस आलेले असतील.

तुम्ही जोडलेली सातबाऱ्याची प्रत मी ओळीने वाचली. वरच्या भागात, म्हणजे गाव नमुना सातमध्ये, क्षेत्र ०.८१ हेक्टर म्हणजे सुमारे दोन एकर आहे. कबजेदारांच्या रकान्यात एकाच घरातील नऊ नावे आहेत आणि त्यांतील दोन नावे अज्ञानांची, म्हणजे अल्पवयीन मुलांची, असून पालनकर्ती म्हणून त्यांच्या आईचे नाव लागले आहे. अज्ञानाचा हिस्सा विकण्यासाठी जेथे न्यायालयाची परवानगी आवश्यक असते, तेथे ती न घेता झालेला व्यवहार रद्द करून मागण्याचा अधिकार त्या मुलांना सज्ञान झाल्यावर मिळतो. या एका मुद्द्यासाठीसुद्धा दिवाणी कामे पाहणाऱ्या वकिलाचे लेखी मत हवे. इतर हक्काच्या रकान्यात विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे आणि तो उतरल्याचा शेरा नाही. उताऱ्याच्या शेवटी 'प्रलंबित फेरफार : होय' असे छापले आहे, म्हणजे या जमिनीबाबतची एखादी नोंद आज निर्णयाविना अडकली आहे. ती कोणाची, वारसाची, वाटपाची की आणखी एका खरेदीची, हे ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्यांकडे, फेरफाराची प्रत मागितल्याशिवाय कळणार नाही. खालच्या गाव नमुना बारामध्ये भाताची नोंद आहे. ज्या जमिनीवर बंगल्यांचे चित्र काढून तुम्हाला दाखवले, ती सरकारदरबारी भातखाचर आहे.

आता जागेवरची गोष्ट. चुन्याच्या रेषा आणि सिमेंटचे खांब एजंटाने स्वतः घातलेले असतात, त्यांना हद्दीचा पुरावा म्हणता येत नाही. भूमी अभिलेख कार्यालयाकडून झालेल्या हद्दकायम मोजणीची 'क' प्रत दाखवा, एवढेच त्याला विचारा. ती असेल तर तो लगेच काढून दाखवेल. रस्त्याचेही तसेच आहे. आज गाडी शेवटपर्यंत जाते याचा अर्थ शेजारचा शेतकरी अजून अडवत नाही, एवढाच. शेतात जाण्यासाठी बांधावरून वाट देण्याचा अधिकार जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांना आहे, पण ती वाट शेतीच्या गरजेपुरती असते, वसाहतीचा रस्ता म्हणून ती मिळत नाही. शिवाय तो भाग डोंगराळ आहे आणि एकास पाचपेक्षा तीव्र उताराच्या जमिनीवर बांधकामाची परवानगी मिळत नाही, त्यामुळे पीएमआरडीएकडून, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून, गटाचा झोन दाखला आणि उताराची माहिती घेतल्याशिवाय तेथे घर बांधण्याचा विचारसुद्धा करू नये.

'पुढे गुंठेवारीत नियमित होईल' हे आश्वासन तुम्हालाही मिळाले असेलच. गुंठेवारी, म्हणजे मंजुरीविना पाडलेले छोटे प्लॉट, नियमित करण्याचा कायदा २००१ चा आहे आणि २०२१ च्या सुधारणेने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या कामांपुरती वाढवली गेली. शासन अशा सवलती अधूनमधून देते, हे खरे. मात्र त्या झालेल्या गोष्टी सावरून घेण्यासाठी असतात आणि नव्याने होणाऱ्या खरेदीला त्यांचा आधार धरता येत नाही. कष्टाचे चौदा लाख रुपये उद्याच्या एखाद्या शासन निर्णयाच्या भरवशावर ठेवणे मला अजिबात मान्य नाही.

विसाराबाबत असे करा. रक्कम ऑनलाइन दिली हे उत्तम झाले, कारण तिचा माग राहिला. आपण शेतकरी नाही ही बाब एजंटाला माहीत होती, असे नमूद करून व्यवहार पुढे नेत नसल्याचे आणि रक्कम परत मागत असल्याचे पत्र पोचपावतीसह टपालाने पाठवा. त्याचे व्हॉट्सअॅपवरील संदेश पुसू नका. उरलेल्या रकमेपैकी काही रोख मागितली गेली, तर ठाम नकार द्या. स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई केली आहे, आणि जी रक्कम दस्तात येत नाही ती तुम्हाला कधीही परत मागता येत नाही.

प्लॉटच हवा असेल, तर मंजूर रेखांकनातील (लेआउटमधील) बिनशेती प्लॉट पाहा. तो कमी आकाराचा आणि शहरापासून जरा लांबचा मिळेल, तरी चालेल. सक्षम प्राधिकरणाच्या शिक्क्याचा मंजूर नकाशा, बिनशेतीचा आदेश किंवा सनद, आणि प्लॉटचा स्वतंत्र सातबारा किंवा मिळकत पत्रिका, हे तीन कागद हातात आल्याशिवाय दराची बोलणी सुरू करू नका. पाचशे चौरस मीटरहून मोठ्या जमिनीवर रेखांकन करून प्लॉट विकायचे असतील, तर त्या प्रकल्पाची महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणी असावी लागते आणि नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. अशा प्लॉटला बँक कर्ज देते. तुम्हाला कर्ज नको असले तरी अर्ज करून पाहा, कारण बँकेचा वकील जे कागद मागतो त्यावरून तुम्हाला बरेच कळेल.

प्रश्न : मी हडपसरला एका रुग्णालयात परिचारिका आहे. माहेरची पुरंदर तालुक्यात वडिलोपार्जित चार एकर जमीन आहे. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. विमानतळाच्या चर्चेमुळे जमिनींना भाव आला आहे आणि भाऊ हक्कसोडपत्रावर सही करण्याचा आग्रह धरत आहे. मला भावाशी वाईटपणा घ्यायचा नाही. पण स्वतःच्या नावे काहीतरी कायमचे असावे असेही वाटते. (एक वाचिका, हडपसर)

उत्तर : तुमचे पत्र आणि वरचे पत्र मी शेजारी ठेवून वाचले. धायरीच्या दांपत्याला चौदा लाख मोजूनही जे मिळत नाही, ते तुमच्याकडे जन्माने आले आहे आणि एका सहीने ते जाणार आहे. म्हणून सही करण्यापूर्वी जरा थांबा.

हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ साली झालेल्या सुधारणेने मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि वडील त्या तारखेला हयात असोत वा नसोत, हा हक्क लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने विनिता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने वाटप होऊन गेले असेल, तर मात्र ते उकरून काढता येत नाही; तुमच्या घरात असे काही झाले होते का, हे आईला आणि चुलत्यांना विचारा. लग्नात खर्च केला, दागिने घातले, म्हणून हिस्सा संपला, असे कायदा म्हणत नाही.

पहिले काम वारस नोंदीचे आहे. वडिलांच्या मृत्यूनंतर आई, भाऊ आणि तुम्ही अशा सर्वांची नावे फेरफाराने सातबाऱ्यावर लागली का, हे पाहा. महसूल विभागाच्या संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपयांत मिळतो, त्यासाठी गावी जावे लागत नाही आणि कोणाला विचारावेही लागत नाही. फेरफाराची नोटीस आली असेल, तर तीवरील हरकतीची मुदत हातची जाऊ देऊ नका. नाव लागले की तो सातबारा तुमच्या शेतकरी असण्याचा पुरावा होतो, आणि पुढे कधी महाराष्ट्रात दुसरीकडे शेतजमीन घ्यायची झाली तर तोच उपयोगी पडतो.

भावाशी संबंध टिकवून हिस्सा राखण्याचे मार्ग आहेत. सर्व सहधारकांची संमती असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप करून घेता येते. चार एकरांत तिघांचे हिस्से पडले, तरी ते प्रमाणभूत क्षेत्राच्या वर राहतात, त्यामुळे येथे तुकडेबंदी आड येत नाही. जमीन भावानेच कसावी आणि वर्षाला धान्याचा किंवा रकमेचा ठरलेला वाटा तुम्हाला द्यावा, असेही लेखी ठरवता येईल. जमीन नकोच, पैसे चालतील, असे तुमचे मत झाले, तर ते मोकळेपणाने सांगा आणि मोबदल्याची रक्कम दस्तात लिहून ती बँकेतून घ्या. वारसाने मिळालेला हिस्सा बाहेरच्याला विकण्यापूर्वी सहवारसांना अग्रक्रम देण्याची तरतूद हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ मध्ये आहे, तेव्हा जमीन परक्याच्या हाती जाईल ही भावाची भीती असेल, तर ती दूर करण्याचा मार्ग कायद्यातच आहे.

नोंदणीकृत हक्कसोडपत्र एकदा झाले की मन बदलले म्हणून ते मागे घेता येत नाही, आणि फसवणूक झाली हे न्यायालयात सिद्ध करण्यात उमेदीची वर्षे जातात. कोरा मुद्रांक, कोरे कागद किंवा 'फक्त कामापुरते' म्हणून पुढे केलेले कुलमुखत्यारपत्र, यांपैकी कशावरही सही करू नका. भावावर तुमचा विश्वास आहे हे तुमच्या पत्रात जाणवते. तो विश्वास ठेवूनच त्याला सांगा की आधी आईच्या समोर बसून तिघांचे हिस्से ठरवू आणि मग कागद करू.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून पत्नीसह कोथरूडला राहतो. निवृत्तीचे आणि ठेवींचे मिळून आमच्याकडे ६४ लाख रुपये आहेत. निवृत्तिवेतन अत्यल्प आहे. आंबेगाव बुद्रुक येथे ५५ लाखांचा छोटा फ्लॅट घेऊन भाड्याने द्यावा, भाड्यात घर चालेल आणि मुलांसाठी स्थावर मागे राहील, असा विचार आहे. (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : आपला हेतू उत्तम आहे, पण दोन गरजा एकाच फ्लॅटवर टाकल्या जात आहेत. मुलांसाठी स्थावर ठेवणे ही एक गरज आणि दरमहा घरखर्च चालणे ही दुसरी. आपल्या वयात दुसरी आधी भागली पाहिजे.

हिशेब मांडून पाहू. पुणे महापालिकेच्या हद्दीत स्थानिक अधिभार व मेट्रो अधिभार धरून मुद्रांक शुल्क सात टक्के होते. निवासी घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास एक टक्का सवलत आहे, म्हणून पत्नीच्या नावे खरेदी केली असे धरू. सहा टक्क्यांनी ३ लाख ३० हजार रुपये मुद्रांक आणि ३०,००० रुपये नोंदणी शुल्क, म्हणजे फ्लॅट ५८ लाख ६० हजारांना पडला. इमारत पूर्ण नसेल, तर वस्तू व सेवा कर वेगळा. आता भाडे दरमहा १६,००० रुपये मिळेल असे धरले, तर वर्षाचे १ लाख ९२ हजार होतात. भाडेकरू बदलताना एखादा महिना घर रिकामे राहते, ते १६,००० वजा. सोसायटीचा मेंटेनन्स दरमहा अडीच हजार धरला तर ३०,००० वजा. मिळकतकर, रंगरंगोटी, नळ-वीज दुरुस्ती यांचे मिळून पंचवीस हजार वजा. स्वतः राहणाऱ्या मालकाला महापालिका जी ४० टक्के करसवलत देते, ती भाड्याच्या घराला नाही. हाती उरतात १ लाख २१ हजार, म्हणजे महिन्याला दहा हजारांच्या आसपास. घातलेल्या रकमेवर हे उत्पन्न दोन टक्क्यांच्या किंचित वर जाते.

याच्या शेजारी ज्येष्ठ नागरिक बचत योजना ठेवून पाहा. एप्रिल २०२३ पासून तिची मर्यादा व्यक्तीमागे ३० लाख रुपये आहे आणि व्याजदर ८.२ टक्के. केवळ ३० लाख रुपये ठेवले तरी वर्षाला २ लाख ४६ हजार, म्हणजे दर तिमाहीला ६१,५०० रुपये खात्यात जमा होतात. हे व्याज करपात्र आहे आणि नव्या खात्यांचा दर दर तिमाहीला जाहीर होतो, तरी एकदा उघडलेल्या खात्याला त्याच्या पाच वर्षांपुरता तोच दर राहतो. फ्लॅटची किंमत वाढेल आणि ठेवीची मुद्दल वाढणार नाही, हा आपला प्रतिवाद रास्त आहे. मात्र वाढलेल्या किमतीतून औषधाचे बिल भागत नाही. त्यासाठी घर विकावे लागते आणि ते हव्या त्या महिन्यात विकले जाईलच असे नाही. ६४ पैकी ५८ लाख साठ हजार एका फ्लॅटमध्ये गेले, तर रुग्णालयाच्या एखाद्या मोठ्या खर्चासाठी आपल्याकडे साडेपाच लाखांहून कमी उरतील. मला याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते.

माझा सल्ला असा, की आपण दोघांनी मिळून ४० ते ४५ लाख या योजनेत आणि पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेसारख्या नियमित उत्पन्नाच्या साधनांत ठेवावेत आणि सात-आठ लाख बँकेत केव्हाही मोडता येतील असे ठेवावेत. एका बँकेत व्याजासह पाच लाखांपर्यंतच्या ठेवींनाच विमासंरक्षण आहे, म्हणून ही रक्कम दोन बँकांत विभागा. उरलेले दहा-बारा लाख मुलांसाठी म्हणून बाजूला ठेवता येतील. त्यांतील काही भाग स्थावराशी निगडित हवा असेल, तर शेअर बाजारात नोंदलेल्या रिट, म्हणजे स्थावरात गुंतवणूक करणाऱ्या, न्यासांचे युनिट घेता येतात. हे न्यास कार्यालयीन इमारती, मॉल अशा मिळकतींचे मालक असतात आणि वाटपयोग्य रकमेच्या किमान ९० टक्के रक्कम त्यांना युनिटधारकांना द्यावी लागते. त्यांचा भाव खालीवर होतो, त्यामुळे पुढची काही वर्षे लागणार नाहीत असेच पैसे तेथे घाला.

मुलांना स्थावर मागे ठेवायचे, तर कोथरूडचे राहते घर आहेच आणि ते मौल्यवान आहे. त्याचे मृत्युपत्र करा. सोसायटीत नामनिर्देशन केले म्हणजे काम झाले, असे समजून अनेक जण थांबतात. नामनिर्देशित व्यक्ती ही वारसांच्या वतीने सांभाळणारी असते, केवळ नामनिर्देशनाने तिला मालकी मिळत नाही.

प्रश्न : नोकरीला लागून तीन वर्षे झाली. तीन लाख साठले आहेत. आई म्हणते, लक्ष्मी रोडवरून दागिने घेऊन ठेव, पुढे लग्नात उपयोगी पडतील. गुंतवणूक म्हणून हे बरोबर आहे का? (एक वाचक, पिंपळे गुरव)

उत्तर : लग्नात घालायचे दागिने म्हणून घ्यायचे असतील, तर आईचे ऐकावे, गुंतवणूक म्हणून घ्यायचे असतील, तर दागिना नको. सोन्यावर तीन टक्के वस्तू व सेवा कर लागतो आणि शिवाय घडणावळ द्यावी लागते; मोडताना यांतले काहीही परत मिळत नाही. वळे किंवा नाणे घेतल्यास घडणावळ बरीच वाचते. दागिना घेतलाच, तर हॉलमार्कसोबत त्यावर कोरलेला सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक पावतीशी पडताळून घ्या आणि पावती जपून ठेवा. केवळ भाववाढीसाठी सोने हवे असेल, तर डीमॅट खात्यातून गोल्ड ईटीएफ, म्हणजे सोन्याच्या भावाशी बांधलेले शेअर बाजारातील युनिट, थोडे थोडे घेणे सोयीचे पडते. सरकारी सुवर्ण रोख्यांची नवी विक्री फेब्रुवारी २०२४ नंतर झालेली नाही. जुने रोखे शेअर बाजारात मिळतात, पण खरेदीपूर्वी त्यांचा भाव त्या दिवशीच्या सोन्याच्या भावाशी ताडून पाहा. तीनही लाख सोन्यात घालू नका. सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम आधी बँकेत असू द्या.

प्रश्न : सिंहगड रस्त्याला एकता नगरीच्या परिसरात नदीलगत एका जुन्या सोसायटीत पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट आसपासच्या दरापेक्षा १२ लाखांनी स्वस्त मिळतो आहे. सोसायटीचे कन्व्हेयन्स झालेले नाही. पण लवकरच रिडेव्हलपमेंट होईल आणि मोठे घर मिळेल, असे विक्रेता म्हणतो. घ्यावा का? (एक वाचक, आनंदनगर)

उत्तर : त्या परिसरात दर का उतरले, हे आपण राहता त्या भागात सर्वांनाच ठाऊक आहे. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून सोडलेल्या विसर्गाने एकता नगरीतील इमारतींत पाणी शिरले आणि लोकांना बोटीतून बाहेर काढावे लागले. पहिला मजला कोरडा राहिला असेलही, पण वाहने, पाण्याच्या टाकीचे पंप, विजेची मीटरपेटी आणि लिफ्ट यांचा खर्च सर्व सभासदांवर पडतो. विक्रेत्याकडे न विचारता सोसायटीच्या मागील तीन वर्षांच्या हिशेबपत्रकांत दुरुस्तीचा खर्च किती पडला आहे, ते पाहा.

पुनर्विकासाच्या आशेवर जादा रक्कम मोजू नका. निळी पूररेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द. निळ्या पूररेषेच्या आत बांधकामावर कडक निर्बंध आहेत आणि जुन्या अधिकृत इमारतीच्या पुनर्बांधणीलाही जलसंपदा विभागाची ना-हरकत लागते. इमारत निळ्या रेषेच्या आत आहे, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये आहे की बाहेर, हे महापालिकेच्या बांधकाम विभागात सर्व्हे नंबर देऊन लेखी विचारा. आत असेल, तर १२ लाखांची सूटही मला पुरेशी वाटत नाही.

कन्व्हेयन्स झालेले नाही, याचा अर्थ इमारतीखालची जमीन आजही विकसकाच्या किंवा मूळ मालकाच्या नावे आहे. विकसक सहकार्य करत नसेल, तर सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे विकसकाच्या सहीविना जमिनीची मालकी, मिळवता येते. तसा अर्ज केला आहे का आणि भोगवटा प्रमाणपत्र आहे का, हे सचिवांना विचारा, कारण भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर अर्जाचे काम लांबते. इमारत पूररेषेबाहेर निघाली आणि हे कागद जागेवर असले, तर फ्लॅट जरूर पाहा. तेव्हा पहिल्या खरेदीपासूनच्या करारांची अखंड साखळी, मूळ शेअर सर्टिफिकेट, थकबाकी नसल्याचा सोसायटीचा दाखला आणि विक्रेत्याच्या कर्जाचे बँकेचे पत्र हातात येईपर्यंत विसार देऊ नका. किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक ठरल्यास रक्कम देताना एक टक्का कर कापून सरकारजमा करण्याची जबाबदारी खरेदीदार म्हणून आपल्यावर असेल, हेही साठेखतात लिहून घ्या.